आजीला बोलता येत नाही

एडिसन, ६ ऑक्टोबर २००४

गिरीश,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. आशीर्वाद मनात आहेत ते तिथेच असू देत, आज कागदावर उतरायचे नाहीत.

फोन का नाही करत, असं ज्ञानदाने विचारलं. म्हटलं, तुझ्या भावाच्या घरात माझ्या आवाजाला बंदी आहे. पत्राला उच्चार नसतो, म्हणून पत्र. बायकोला, प्रीताला, वाचून दाखवायचं तर खुशाल दाखव, पण नातवासमोर, शिवसमोर नको. न जाणो, मराठीने त्याचे कान विटाळायचे!

तू बहिणीला म्हणे सांगितलंस, "आई छोट्याशा गोष्टीवरून रागावून गेली, शी इज ओव्हररिॲक्टिंग." छोटीशी गोष्ट? मग ती छोटीशी गोष्ट एकदा नीट लिहून काढते, म्हणजे तुला कुणाला सांगताना सोपं जाईल.

जुलैत मी ट्रॉयला आले तेव्हा तुझा मुलगा चार वर्षांचा होता आणि बोलत फार नव्हता, कबूल. पण माझ्यापाशी बोलायचा. मी त्याला आंघोळ घालताना माझी बडबड चालू असायची, हा कान, हा दुसरा कान, ही मळकी मान, आणि मध्येच तो म्हणायचा, "आजी, साबण नको." एकदा म्हणाला, "आजी, पाणी गरम." मी तुला धावत येऊन सांगितलं तर तू लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालास, "हो, पण इंग्लिशमध्ये नाही ना बोलत."

मग ऑगस्टच्या शेवटी शिवला बोलायला शिकवणाऱ्या त्या स्पीच थेरपीच्या बाईंनी तुम्हा दोघांना बोलावलं. पुढच्या वर्षी किंडरगार्टन आहे, मुलगा मागे आहे, घरात सध्या एकच भाषा ठेवा, म्हणाल्या. एकच भाषा म्हणाल्या, गिरीश. कुठली, ते तू ठरवलंस. गाडी गराजमध्ये लागेपर्यंत तुझं ठरलंसुद्धा. चपला काढायच्या आधी मला म्हणालास, "आई, थोडे महिने तू शिवशी बोलू नकोस. मराठी तर नकोच, आणि तुझं इंग्लिश ऐकून त्याचे साउंड्स बिघडतील."

मी विचारलं, "मग मी दिवसभर करू काय?"

"टीव्ही बघ ना. फिरायला जा."

जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी ज्या बाईने बोलण्यावर काढली तिला हे! मुंबईच्या आणि दिल्लीच्या ऑपरेटरशी इंग्रजीत भांडून मी लोकांना ट्रंक कॉल जोडून दिलेत. लग्नं त्या आवाजावर ठरली, मयतीच्या बातम्या त्या आवाजाने पोचल्या. तुझं इंजिनिअरिंगही त्याच आवाजावर झालं. तेव्हा कुणाचे साउंड्स बिघडले नाहीत.

पण बसले मूग गिळून. सुनेच्या संसारात माझ्यामुळे कटकट नको म्हणून बसले. तो यायचा, माझा पदर ओढायचा, "आजी, आजी" करायचा, आणि मी हाताने खुणा करायची. मग तोही खुणा करायला लागला. पाणी हवं असेल तर नळाकडे बोट, भूक लागली की फ्रिजकडे बोट. होते ते दोन शब्दही गेले. तुला दिसलं नाही. प्रीताला दिसलं होतं. एकदा ती ओट्याशी डोळे पुसत होती, आणि त्या दिवशी कांदा काही चिरलेला नव्हता.

आणि मग मंडळाचा गणपती. त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत मंडळाच्या प्रतिमाताई शिवपुढे वाकल्या आणि लाडाने म्हणाल्या, "ही तुझी आजी का रे?" तर तुझा मुलगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माय ग्रँडमा कान्ट टॉक."

त्या बाईने माझ्याकडे अशी कीव करून बघितलं म्हणून सांगू! बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. आणि तू? तू त्याला उचलून गरगर फिरवलंस. "फुल सेंटेन्स! प्रीता, ही सेड अ फुल सेंटेन्स!" मी तिथे मोदकाचं ताट हातात धरून उभी. अरे, तो काय बोलला ते तरी ऐकलंस का रे?

ही छोटीशी गोष्ट. पुढच्याच आठवड्यात मी ज्ञानदाला बोलावून घेतलं. आता तिच्या घरी, प्रसन्नरावांकडे आहे, बरी आहे, आणि तोंड उघडून जेवते, तोंड उघडून बोलते.

आई


एडिसन, १९ ऑक्टोबर २००४

गिरीश,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तू ज्ञानदाला ई-मेल केलीस. मला लिहायची लाज वाटली की मराठी लिहायची सवय गेली? मराठी, पण इंग्रजी अक्षरांत; तिने छापून दिली. तुझीच वाक्यं तुला परत दाखवते, कारण कधीकधी माणसाला आपलंच लिहिलेलं दुसऱ्याच्या अक्षरात बघावं लागतं.

"आईला वाटतं मी हे हौसेने करतोय. मला इथे आठ वर्षं झाली, अजून मीटिंगमध्ये पार्डन, पार्डन करतात. प्रेझेंटेशन मी बनवतो, उभा दुसरा राहतो. गॅरी नाव मी आनंदाने नाही घेतलं. माझ्या मुलाला कुणी एक वाक्य दोनदा बोलायला लावता कामा नये, दॅट्स इट. तिला शिवशी बोलायचंच असेल तर बोलू दे, पण इंग्लिशमध्ये, आणि आधी तिचे व्ही, डब्ल्यू, टीएच नीट करून. त्याने आत्ता चुकीचं ऐकून चालणार नाही."

म्हणजे अट घातलीस. आजीने नातवाशी बोलायला परीक्षा द्यायची! तुझ्या बाबांनी हौसेने गिरीश नाव ठेवलं, बारशाला अख्खा मोहल्ला जेवला, आणि तू गॅरी होऊन बसलास ते बसलास, वर माझ्या तोंडाची दुरुस्ती काढलीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

'उभा दुसरा राहतो' ही ओळ मात्र मी परत परत वाचली. कोण रे तो मेला? माझा मुलगा रात्रंदिवस राबणार आणि हा आयता उभा राहणार? हे तू मला ट्रॉयला असताना का नाही सांगितलंस? मी त्याला फोन करून चांगलं ऐकवलं असतं. हसू नकोस. पण त्या माणसाचा राग तू घरात आणून कुणावर काढलास ते बघ. त्याच्यावर नाही, पार्डन म्हणणाऱ्यांवर नाही. एका चार वर्षांच्या पोरावर आणि त्याच्या आजीवर. बाहेर गप्प आणि घरात वाघ!

असो. तुझी अट मान्य आहे. पाच जानेवारीचं माझं परतीचं विमान आहे, आणि पुन्हा इतक्या लांब यायला हे गुडघे तयार होतील असं वाटत नाही. नातवाच्या डोक्यात त्याची आजी मुकी म्हणून राहायला नको. जायच्या आधी मला त्याच्याशी बोलायचंय. बाकी मला अमेरिकेत काहीही नको, तुमचे ते धबधबेही नकोत.

इथल्या लायब्ररीत फुकट इंग्लिशचा वर्ग आहे. ज्ञानदाने माझं नाव घातलंय. मी काही फार उत्सुक वगैरे नाही, घर जवळ आहे म्हणून जाते.

आई


एडिसन, २ नोव्हेंबर २००४

गिरीश,

घर जवळ नाही. दोन सिग्नल ओलांडून जावं लागतं आणि इथे थंडी पडलीय. तरी एकही वर्ग चुकवलेला नाही.

शिकवणाऱ्या बाई मिसेस कोवाल्स्की. सत्तरीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्मा गळ्यात. वर्गात मी, एक कोरियन बाई आणि ओक ट्री रोडवर दुकान असलेले पटेलकाका. बाईंनी प्रत्येकाला एकेक आरसा दिलाय. या वयात आरशात बघायचं ते गालांवरच्या सुरकुत्यांसाठी नाही, जीभ कुठे जाते ते बघायला! उचलली जीभ लावली टाळ्याला असं मी तुला लहानपणी ओरडायची ना, तर आता मला रोज तेच करायला सांगतात, आणि लावली तर म्हणतात टाळ्याला नको, दातांच्या मागे हिरडीला लावा. आमचा ट त्यांना फार आत जातो.

टीएच म्हणताना जीभ चक्क दातांच्या बाहेर काढायची. पटेलकाकांसमोर! आपल्याकडे मोठ्यांना अशी जीभ दाखवली असती तर कानाखाली वाजली असती. मी पहिले दोन दिवस पदर तोंडापुढे धरून म्हटलं. बाई म्हणाल्या, सरला, आय कान्ट सी यू. प म्हणताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरतात, ती उडायला हवी. माझी हलतसुद्धा नाही. डब्ल्यूला ओठ फुंकणीवर ठेवल्यासारखे गोल करायचे, ते जमलं, चुली कमी फुंकल्या आहेत का मी? लांब स्वराला रबरबँड ताणायचा, आखूड स्वराला सैल सोडायचा, तेही जमलं.

पण व्ही! वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घुमायचं. वरचे दात माझे कुठे आहेत, गिरीश? कवळी आहे. दात ओठावर टेकवून जरा जोर केला की कवळी खाली येते. परवा 'व्हेरी' म्हणताना अख्खी कवळी आरशावर पडली. कोरियन बाई किंचाळली. पटेलकाका छताकडे बघत बसले. आपलेच दात, आपलेच ओठ असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही. मला इतका संताप आला म्हणून सांगू! त्या बाईंचा नाही, त्या बिचाऱ्या रुमाल घेऊन धावल्या. तुझा आला. कशासाठी म्हणून मी हे करतेय? माझ्याच रक्ताच्या नातवाला 'बाळा, जेवलास का' विचारण्यासाठी!

घरी येऊन न्हाणीघरात रडले. ज्ञानदाला सांगितलं, साबण गेला डोळ्यात.

मग तिने नवी चिकटवायची पेस्ट आणून दिली. आता कवळी बसते. आता व्ही येतो. स्वयंपाक करताना म्हणते, भाजी निवडताना म्हणते, प्रसन्नराव ऑफिसला निघाले की 'ड्राइव्ह व्हेरी वेल' म्हणते. जावई बिचारे 'थँक यू आई' म्हणून पळतात.

एक सांगते, कधी सांगितलं नव्हतं. तूसुद्धा उशिरा बोललास. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत तुझ्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. लोक म्हणायचे, सरलाचं पोरगं मुकं निघालं, दिवसभर दुनियेशी बोलते आणि घरात हे. डॉक्टरांनीही मान हलवली होती. मी काय केलं? बंद केलं का बोलणं? ड्युटीवरून यायची, कानांवर हेडफोनचे वळ असायचे, घसा बसलेला असायचा, आणि तरी तुला मांडीवर घेऊन तुझ्याशी बोलत राहायची. भाजीवाल्याचं, साहेबांचं, दिल्लीच्या उद्धट ऑपरेटरचं, वाट्टेल ते. एक दिवस तू बोललास आणि मग थांबलाच नाहीस. तुझ्या बाबांना वाटलं, नवस फळला. नवसबिवस काही नाही. जो ऐकतो तो कधीतरी बोलतो, फक्त बोलणाऱ्याने कंटाळता कामा नये.

ते आत्ता एवढ्यासाठी सांगितलं, की तुझ्यावर ज्या औषधाने गुण आला तेच औषध तू पोराच्या हातून काढून घेतलंस.

आई


एडिसन, ९ नोव्हेंबर २००४

गिरीश,

थोडक्यात लिहिते. मिसेस कोवाल्स्कींनी काल वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की सरलाचा व्ही आता त्यांच्या स्वतःच्या व्हीइतका चांगला आहे. वाटल्यास त्यांना फोन करून विचार, नंबर ज्ञानदाकडे आहे.

तेव्हा दिवाळीच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी फोन करणार. पी.पी. कॉल समज, आमच्या एक्स्चेंजमध्ये म्हणायचे तसा, म्हणजे ज्याच्या नावाने लावला त्यालाच द्यायचा. शिवलाच दे. मी कोण ते त्याला आधी सांगायचं नाही, ते मीच सांगणार. पाठ केलेली वाक्यं तयार आहेत, त्यात एकही मराठी शब्द नाही, तू घाबरू नकोस.

चकल्या ज्ञानदाने पाठवल्यात. त्यांना उच्चार नसतो, पोराला खाऊ दे.

आई


एडिसन, १४ नोव्हेंबर २००४

गिरीश,

काल फोन झाल्यावर तू पुन्हा लावलास. ज्ञानदाने घेतला. तू तिला सांगितलंस, "आईला सांग, अमेझिंग! शिवला वाटलं त्याची थेरपीची टीचर बोलतेय. आय ॲम सो प्राउड ऑफ हर." ज्ञानदाने मला सांगितलं. ती हसत होती. मी हसले नाही, आणि का ते तिलाही अजून सांगितलेलं नाही. तुला सांगते.

सकाळपासून मी वाक्यं घोकत होते. लक्ष्मीला सुद्धा मी इतक्या भीतीने हात जोडले नव्हते. प्रीताने फोन उचलला, "हं, देते" म्हणाली आणि त्याच्या हातात दिला. तो "हॅलो" म्हणाला. त्याचा आवाज जरासा मोठा झालाय.

मी सगळं म्हटलं. "हॅलो शिव. आय वाँट टू टॉक विथ यू. इज द वेदर व्हेरी कोल्ड? व्हॉट आर यू वेअरिंग?" एकही चूक नाही. दात ओठावर, ओठ गोल, जीभ दातांच्या मध्ये, सगळं जागच्या जागी. तो म्हणाला, "स्वेटर." मग म्हणाला, "ब्लू." मी विचारलं, "डू यू नो हू आय ॲम?"

तो म्हणाला, "यू आर द टीचर."

आणि मागून तुझा आवाज आला, अगदी जवळून, "गुड जॉब, बडी!"

गिरीश, एवढा आटापिटा कशासाठी केला मी? आजी मुकी नाही हे त्याला कळावं म्हणून. आणि आता तर मी आजीसुद्धा राहिले नाही. माझ्या नातवाने माझा आवाज ओळखला नाही! जो आवाज फोनवरून अख्खं जळगाव ओळखायचं. मेलं ते व्ही आणि मेलं ते डब्ल्यू! तुझी अट, तुझी परीक्षा, सगळं मी त्या क्षणी झुगारून दिलं. बोलले. मराठीत बोलले. म्हटलं, "शिव्या, अरे मी आजी. तुझी आजी."

तो गप्प. मला वाटलं, झालं, भाषासुद्धा गेली त्याची. माझं बोलणं त्याला कळलंच नाही.

मग रिसीव्हरवर श्वास ऐकू आला. माणूस तोंड अगदी फोनला चिकटवतो आणि हाताचा आडोसा करतो ना, तेव्हा श्वास असा ऐकू येतो. आयुष्यभर मी तो ऐकलाय. घरच्यांपासून लपवून बोलणारी पोरं, नवऱ्यापासून लपवून माहेरी बोलणाऱ्या बायका, सगळ्यांचा तो श्वास एकसारखाच असतो. तुझा चार वर्षांचा मुलगा तसा श्वास घेत होता.

आणि कुजबुजला, "आजी, हळू बोल. बाबा इथेच आहे."

मी "हो रे बाळा" एवढंच कुजबुजले. दुसरं काय करणार? त्याने सांगितलं होतं ना, हळू बोल.

"मला माहीत होतं, तू बोलते," तो म्हणाला. "मी कोणालाच नाही सांगितलं."

आणि लगेच मोठ्याने, तुम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "ओके, बाय-बाय, टीचर!" आणि फोन ठेवला.

आता कळलं? तुझ्या मुलाला बोलता येतं. नळाकडे बोट दाखवणारा, थेरपीत रोज एकेका आवाजासाठी धडपडणारा तुझा मुलगा पूर्ण वाक्यं बोलतो. कुणासमोर बोलायचं आणि कुणासमोर नाही, एवढंच तो तुझ्या घरात शिकला. आणि त्याच्याच वयाच्या तुला मी मांडीवर घेऊन काय शिकवलं होतं, ते तू विसरलास.

मी हे तुला लिहावं की नाही यावर रात्रभर भांडले स्वतःशी. पोराने विश्वासाने सांगितलेलं मी त्याच्या बापाला सांगतेय, हे बरोबर नाही. पण नाही सांगितलं तर तो असाच लपून बोलत मोठा होईल, आणि मग एक दिवस लपून बोलायलाही त्याच्यापाशी कुणी उरणार नाही. त्याला यावरून एका शब्दाने रागावलास तर याद राख, गिरीश. साठी उलटली तरी या हातात अजून जोर आहे.

ज्ञानदाने तिकीट काढलंय. येत्या शुक्रवारी दुपारी मी डेट्रॉइटला उतरते. घ्यायला ये, नको येऊस, प्रीता येईल, मी तिच्याशी बोललेय. जानेवारीपर्यंत मी तुझ्या घरात राहणार आणि माझ्या नातवाशी मराठीत बोलणार, आंघोळ घालताना, जेवताना, मोठ्याने. त्या स्पीचच्या बाईंना भेटायचं असेल तर मला घेऊन चल. त्यांच्याशी बोलायला माझं इंग्लिश आता पुरेसं आहे.

काल तू मात्र काहीच ऐकलं नाहीस. हातभर अंतरावर बसून तू त्याला गुड जॉब म्हणत होतास, आणि तुला ऐकू जाऊ नये म्हणूनच तो एवढ्या हळू बोलत होता.

आई